थांबू की घेऊ? : बाथटब कर्व्ह आणि एक नवीकोरी स्पोर्ट्‌स कार

रिलायबिलिटीचा बाथटब कर्व्ह पेपरात पाच मार्कांना येतो. आपण तो काढतो, तिन्ही भागांना नावं देतो आणि हॉलबाहेर पडलो की विसरतो. मीही शिकवता शिकवता तसाच विसरलो होतो. पण एका मित्राने मला तो खऱ्या पैशांवर काढायला लावला. त्याची ही गोष्ट.

१९ जुलै २०१९, शुक्रवार. हातात हजेरीपट आणि डस्टर घेऊन मी वर्गाकडे निघालो होतो. तेवढ्यात फोन वाजला. अमेरिकेतून, माझा रूम पार्टनर! याच हॉस्टेलमध्ये आम्ही चार वर्षं एका खोलीत काढली. त्याच्या कपाटाच्या दाराला बाहेरून गणपती आणि आतून लाल कॉर्व्हेटचं चित्र असायचं. रोज सकाळी दोघांचंही दर्शन घेऊन गडी प्रॅक्टिकलला जायचा. आता तो मिशिगनमध्ये नोकरीला आहे. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती.

"अरे, नवी कॉर्व्हेट आली! इंजिन मागे घेतलंय! साठ हजार डॉलरच्या आत! बुक करू का थांबू? तू रिलायबिलिटी शिकवतोस ना, मग सांग!"

"लेक्चर झाल्यावर बोलू," म्हणून फोन ठेवला. त्या दिवशी वर्गात काय शिकवलं ते विचारू नका.

प्रश्न साधा नव्हता

साठ हजार डॉलर म्हणजे त्याची जवळजवळ सगळी शिल्लक. एम.एस.चं कर्ज फेडून झाल्यावर जमवलेली. दुसरं म्हणजे त्याच्याकडे एकच जुनी गाडी होती आणि ती विकूनच ही यायची होती. म्हणजे नवी गाडी महिनाभर सर्व्हिस सेंटरला पडली तर ऑफिसला जायची पंचाईत. आणि तिसरं, त्याचे वडील, अण्णा. त्यांनी तीस वर्षं एसटी चालवली. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना अमेरिकेला न्यायचं ठरलं होतं. "अण्णांना शेजारी बसवून चालवायचीय रे," एवढं म्हणून तो गप्प झाला.

सगळे म्हणतात, पहिल्या वर्षीची गाडी घेऊ नये. पण का घेऊ नये, आणि किती थांबावं? इथून आमचा अभ्यास सुरू झाला.

एका कर्व्हमागे दोन घड्याळं

बाथटब कर्व्ह आठवा. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर बिघाडाचा दर. सुरुवातीला दर जास्त असतो आणि घसरत जातो, ते बालपण. मग सपाट भाग, तिथे बिघाड योगायोगाने होतात. शेवटी झीज सुरू होते आणि दर पुन्हा चढतो. वायबुलच्या भाषेत बीटा आधी एकपेक्षा कमी, मग एक, मग एकपेक्षा जास्त.

आता गंमत बघा. या आकृतीतला काळ म्हणजे त्या एका नगाचं वय. "पहिल्या वर्षीचं मॉडेल घेऊ नका" म्हणणारे ज्या काळाबद्दल बोलतात तो वेगळाच. तो आहे कारखान्याचा काळ, म्हणजे ते मॉडेल बनायला लागून किती दिवस झाले. कामगारांचा हात बसतो, सप्लायरचे नग सुधारतात, ड्रॉइंगमध्ये दुरुस्त्या होतात.

ही दोन घड्याळं वेगवेगळी चालतात. तिसऱ्या वर्षी घेतलेल्या गाडीलाही स्वतःचं बालपण असतंच. थांबून फायदा होतो तो फक्त दुसऱ्या घड्याळाचा. अण्णा हेच त्यांच्या भाषेत सांगायचे, "नवी गाडी हातात आली की पहिला आठवडा गप्पा बंद. नुसता आवाज ऐकायचा."

गाडीत नवीन किती, जुनं किती?

मग आम्ही कागदावर दोन रकाने पाडले. कॉर्व्हेट १९५३ पासून बनते आणि विक्रीच्या प्रत्येक कॉर्व्हेटचं इंजिन तोवर पुढेच असायचं. या आठव्या पिढीत ते पहिल्यांदा सीटच्या मागे आलं. म्हणजे सांगाडा, कूलिंगची मांडणी, वजनाचं वाटप, सगळं नवीन. आठ गिअरचा ड्युअल क्लच गिअरबॉक्सही नवीन. पण ६.२ लिटरचं व्ही-८ इंजिन आधीच्या पिढीतल्या इंजिनावरूनच सुधारलेलं. म्हणजे सर्वांत महागड्या दोन भागांपैकी एक ओळखीचा आणि एक अनोळखी.

ही यादी फार उपयोगी पडते. "नवी गाडी" हा शब्द फसवा आहे. धोका असतो तो नव्या भागांत. आपल्याला वाट बघायचीच असेल तर त्या भागांची खबर मिळेपर्यंत बघायची.

तीन गाड्या, तीन धडे

पहिली, पोर्शे ९११ जीटी३. मार्च २०१३ मध्ये जिनिव्हाच्या शोमध्ये आली. ३.८ लिटर, ४७५ अश्वशक्ती, ९००० आरपीएमपर्यंत फिरणारं इंजिन. फेब्रुवारी २०१४ मध्ये दोन गाड्यांना आग लागल्यावर कंपनीने जगभरातल्या ७८५ मालकांना गाडी चालवू नका असं कळवलं. कारण काय निघालं? कनेक्टिंग रॉडचा बोल्ट सैल होत होता! मशीन डिझाईनला आपण बोल्टचं प्रीलोड काढतो ना, तेच. कंपनीने सगळ्यांची इंजिनं बदलून दिली. इथे वर्षभर थांबणाऱ्याचा मनस्ताप खरोखर वाचला.

दुसरी, टोयोटा ८६ आणि तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड. दोन्ही २०१२ च्या. त्यांच्या सुरुवातीच्या गाड्यांमधली व्हॉल्व्ह स्प्रिंग तुटू शकते म्हणून रिकॉल निघाला, पण कधी? नोव्हेंबर २०१८ मध्ये! स्प्रिंग बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागत होतं. इथे वर्षभर थांबून काय कळलं असतं? काहीच नाही. फटीगला वेळ लागतो. काही दोष आपल्या संयमापेक्षा जास्त संयमी असतात.

तिसरी, टोयोटा सुप्रा. जानेवारी २०१९ मध्ये डेट्रॉईटला आली, अमेरिकेत ३३५ अश्वशक्ती. जेमतेम वर्षभरात, फेब्रुवारी २०२० मध्ये, पुढच्या मॉडेलला ३८२ अश्वशक्ती जाहीर झाली. मॅन्युअल गिअरबॉक्स २०२२ मध्ये जाहीर झाला. आधी घेतलेल्यांनी कपाळाला हात लावला असेल. पण गाडीत काही बिघाड नव्हता. ज्याला ३३५ पुरेशी होती त्याचं काय गेलं?

थोडक्यात काय, तर "थांब" हा सल्ला कधी सोन्यासारखा, कधी निरुपयोगी, कधी नुसता हेवा वाढवणारा.

थांबण्यालाही भाडं असतं

आपल्या हॉस्टेलमध्ये दरवर्षी एक जण असतो. त्याला लॅपटॉप घ्यायचा असतो. पण दोन महिन्यांत नवा प्रोसेसर येणार असतो, मग दिवाळीत भाव उतरणार असतात, मग आणखी नवा प्रोसेसर. अशा रीतीने गडी फायनल इयरचा प्रोजेक्ट रिपोर्टही दुसऱ्याच्या मशीनवर टाईप करतो. त्याने पैसे वाचवले हे खरं. चार वर्षं मात्र गेली.

म्हणून थांबायचं असेल तर आधी तीन ओळी लिहायच्या, असं आम्ही ठरवलं.

१. मी नेमकी कोणत्या माहितीची वाट बघतोय?
२. ती कोणत्या तारखेपर्यंत मिळेल?
३. ती वाईट निघाली तर मी निर्णय बदलेन का?

तिसऱ्याचं उत्तर "नाही, तरीही घेईनच" असेल तर थांबण्यात अर्थ नाही. आणि पहिल्याचं उत्तर लिहिता येत नसेल तर आपण फक्त घाबरलोय. पार्टनरच्या यादीत सुरुवातीला "मॅन्युअल गिअरबॉक्स येतो का बघू" असंही होतं. कंपनीने मॅन्युअल ठेवलाच नव्हता. न येणाऱ्या एसटीची वाट किती वेळ बघायची? खोडलं.

शेवटी त्याने लिहिलं ते असं : "नवा गिअरबॉक्स आणि नवा सांगाडा. पहिल्या गाड्या लोकांच्या हातात जाऊन सहा महिने होऊ देत. मोठं काही निघालं तर नाही घ्यायची. नाही निघालं तर लगेच बुक." त्याच्याकडे दुसरी गाडी नव्हती, गाठीशी पैसे उरणार नव्हते. बिघाड झाला तर सोसायची ताकद कमी, म्हणून थांबणं बरोबर. दोन गाड्या असलेल्या माणसाला मी उलटा सल्ला दिला असता.

मग काय झालं?

सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनीत संप झाला, चाळीस दिवस. बॉलिंग ग्रीनच्या कारखान्यात गाडी बनायला फेब्रुवारी २०२० उजाडला. मार्चमध्ये कोरोनाने कारखाना बंद. अण्णांचं तिकीट रद्द. सहा महिन्यांची मुदत आपोआप वर्षाच्या शेवटाला गेली.

दरम्यान २०२० मध्येच एक रिकॉल निघाला. इंजिन मागे गेल्यामुळे डिकी पुढे आली होती आणि तिचं झाकण चालत्या गाडीत उघडू शकत होतं. उपाय सॉफ्टवेअरचा. झाकण नीट लागलं नसेल तर गाडी ताशी २६ मैलांच्या, म्हणजे सुमारे ४२ किलोमीटरच्या वर जाणार नाही. हे वाचून पार्टनर हसला, "हे चालतंय की!" त्याच्या कागदावरचं "मोठं काही" यात बसत नव्हतं. डिसेंबरमध्ये त्याने बुक केली.

पण आता रांग लागली होती. त्यात २०२१ ची चिपटंचाई. सुरुवातीची किंमत ५९,९९५ डॉलर होती, ती २०२२ च्या मॉडेलला ६२ हजारांच्या वर गेली. गाडी दारात आली मे २०२२ मध्ये. मधल्या काळात त्याने मला फोनवर बऱ्याच शिव्या दिल्या, त्या संपादक मंडळ छापणार नाही.

आमचा निर्णय चुकला का? मी खूप विचार केला. संप, कोरोना, चिपा यांतलं काही जुलै २०१९ मध्ये आमच्या कागदावर येऊच शकत नव्हतं. निकाल वाईट लागला म्हणजे निर्णय वाईट होता असं नाही. पेपर चांगला लिहूनही केटी लागते, हे तुम्हाला मी काय सांगणार! तेव्हा लगेच बुक केली असती तरी अण्णा २०२० मध्ये जाऊ शकले नसतेच.

तरी एक गोष्ट आमच्या कागदावर यायला हवी होती. अण्णा गेले ते ऑगस्ट २०२२ मध्ये. तीन वर्षांत त्यांचे गुडघे पार गेले होते. ती बुटकी गाडी, जमिनीला टेकल्यासारखी. पार्टनरने एका बाजूने, वहिनीने दुसऱ्या बाजूने धरून त्यांना आत बसवलं. गाडीच्या बिघाडाचा दर आम्ही दोन घड्याळांवर मोजला, पण तिसरं घड्याळ माणसांचं, ते मोजायचं राहिलं. त्याच्या कर्व्हला सपाट भाग किती मोठा मिळेल ते कोणी सांगत नाही.

आत बसल्यावर अण्णांनी आधी ड्रायव्हरच्या पायाशी वाकून पाहिलं. मग मुलाकडे बघून म्हणाले, "अरे, क्लच कुठाय?"

"नसतो अण्णा यात."

"मग तू करतोस काय?"

पार्टनरने हायवेला गाडी घेतली. पहिली पाच मिनिटं अण्णा काही बोलले नाहीत. नुसता आवाज ऐकत होते. मग म्हणाले, "इंजिन चांगलंय. चालू दे."

तर मंडळी, उद्या तुम्हीही काहीतरी नवीन घ्याल. गाडी, बाईक, नाहीतर नुसता मोबाईल. तेव्हा "थांबू की घेऊ" असं मित्राला विचारण्याआधी वरच्या तीन ओळी लिहा. आणि चौथी मी आता जोडतोय : ही वस्तू कोणाबरोबर वापरायची आहे, आणि त्यांना थांबायला वेळ आहे का?

पेपरात बाथटब कर्व्ह आला तर मात्र तीनच भाग काढा. चौथ्या ओळीला मार्क नाहीत!