वाटाड्यांची नोंदवही

फ्रान्स देशाच्या पूर्व सीमेवर, आल्प्स पर्वताच्या कुशीत शामोनी नावाचे एक गाव आहे. गावाच्या माथ्यावर माँ ब्लाँ हे सुमारे ४,८०० मीटर उंचीचे हिमाच्छादित शिखर उभे आहे. १७८६ सालच्या ८ ऑगस्ट रोजी जाक बाल्मा व डॉक्टर पाकार या दोघा गावकऱ्यांनी त्या शिखरावर पहिले पाऊल ठेवले. तेव्हापासून दूरदूरचे प्रवासी तेथे येऊ लागले. गावातील शेतकरी, शिकारी व डोंगरातील स्फटिक शोधणारे लोक त्यांचे वाटाडे बनले. पर्वताचे ज्ञान वाटाड्यापाशी होते. पैसा मात्र प्रवाशापाशी होता. यातूनच एक अनर्थ ओढवला.

१८२० सालच्या ऑगस्टमध्ये हामेल नावाचे एक रशियन विद्वान काही सोबत्यांसह शिखराकडे निघाले. वाटेत वादळाने त्यांना गाठले. ताजे हिम पडले. वाटाड्यांचे मन मागे फिरण्याकडे होते. परंतु हामेल यांनी पुढे जाण्याचा आग्रह धरला असे सांगतात. २० ऑगस्ट रोजी मंडळी एक उतार ओलांडू लागली. जुन्या, टणक हिमावर नवे हिम अजून नीट बसले नव्हते. पाहता पाहता सारा उतार घसरला आणि त्याने माणसांना खाली लोटले. पियेर बाल्मा, पियेर कारिये व ओग्युस्त तेरा हे तिघे वाटाडे हिमनदीच्या खोल भेगेत गाडले गेले. बाकीचे वाचले.

त्या काळी वाटाड्याच्या शब्दाला फारसे वजन नव्हते. एकाने नकार दिला, तर प्रवाशाने दुसऱ्याला बोलवावे. मग घरची चूल कशी पेटावी? म्हणून, धोका डोळ्यांना दिसत असूनही पाय पुढे टाकावे लागत.

या आपत्तीने गाव जागे झाले. पुढच्याच वर्षी, १८२१ साली, वाटाड्यांनी आपला संघ स्थापन केला. पर्वतावरील वाटाड्यांचा जगातील हा सर्वांत जुना संघ होय. वाटाड्यांच्या नावांची नोंद होऊ लागली व पाळीपाळीने काम मिळावे अशी व्यवस्था झाली. अपघातात सापडलेल्या वाटाड्यांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी मदतनिधी उभारण्यात आला. एकट्याच्या तोंडून निघालेला 'नाही' दुबळा असतो. तोच शब्द संघाच्या तोंडून निघाला म्हणजे त्याला बळ येते.

तथापि नुसती नोंद पुरेशी ठरली नाही. पाळीच्या नियमामुळे निष्णात वाटाड्याऐवजी ज्याची पाळी असेल तोच प्रवाशाच्या वाट्याला येई, अशी तक्रार इंग्रज गिर्यारोहक करू लागले. त्यात तथ्य होते. वहीत नाव असणे वेगळे आणि अंगी गुण असणे वेगळे. नोंदीमागे शिक्षण हवे व शिक्षणामागे कसोटी हवी, हे हळूहळू सर्वांना पटले. आज फ्रान्समध्ये वाटाडा होऊ इच्छिणाऱ्यास शामोनी येथील राष्ट्रीय विद्यालयात प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. खडक व बर्फ चढणे, हिमलोटाचा धोका ओळखणे, जखमी माणसाची सुटका करणे, या सर्वांत तो उतरला तरच त्याला प्रमाणपत्र मिळते. १९६५ साली काही देशांतील वाटाड्यांच्या संघांनी मिळून एक आंतरराष्ट्रीय महासंघही स्थापन केला.

ही विद्या आपल्या देशातही आली. एव्हरेस्टवीर तेनसिंग नोर्गे यांनी १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये जाऊन तेथील वाटाड्यांची शिकवण्याची पद्धत अभ्यासली. एव्हरेस्ट जिंकून आलेला हा पुरुष पुन्हा विद्यार्थी झाला, हे विशेष! त्याच वर्षी दार्जिलिंग येथे हिमालयन गिर्यारोहण संस्था सुरू झाली आणि तेनसिंग तेथील प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे प्रमुख झाले. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून अशा सहली नेणाऱ्या संस्थांच्या नोंदणीची तरतूद केली आहे.

चांगला नेता निघण्यापूर्वी आकाशाचा रंग पाहतो, दोर तपासतो, मुले मोजतो, औषधांची पेटी बरोबर घेतो आणि आपण कोठे जात आहोत व केव्हा परतू, हे मागे राहणाऱ्यांना सांगून ठेवतो. परंतु त्याची खरी परीक्षा शिखर समोर दिसत असता होते. सगळे 'पुढे चला' म्हणत असताना 'आता परत फिरू' असे तो म्हणू शकला, तरच तो खरा नेता.

शामोनीच्या कथेचा शेवट ऐका. हिमनदी अतिशय मंद गतीने का होईना, पण वाहतच असते. फोर्ब्स नावाच्या शास्त्रज्ञाने तिची गती मोजून, हरवलेल्या वाटाड्यांचे अवशेष सुमारे चाळीस वर्षांनी पायथ्याशी येतील असे भाकीत केले होते. १८६१ साली ते खरे ठरले. त्या दिवशी बचावलेला एक वाटाडा तोवर वृद्ध झाला होता. त्याने आपल्या सोबत्यांची ओळख पटवली. त्यांच्या मृत्यूनंतर उभा राहिलेला संघ त्या वेळी चाळीस वर्षांचा झाला होता. तो आजही आपले काम करीत आहे.

स्वाध्याय

१. धोका दिसत असूनही वाटाडे पुढे का जात असत?
२. पाळीच्या नियमाचा फायदा कोणता व दोष कोणता?
३. 'वहीत नाव असणे वेगळे आणि अंगी गुण असणे वेगळे' हे वाक्य स्पष्ट करा.
४. तुमच्या शाळेची सहल गडावर जाणार आहे. निघण्यापूर्वी तुम्ही नेत्याला कोणते प्रश्न विचाराल, ते लिहा.
५. वाक्यांत उपयोग करा : अनर्थ ओढवणे, कसोटीला उतरणे, शब्दाला वजन असणे.