कुंडीतील रोप का मरते?
(निसर्गपाठ : इयत्ता ४ थी)

पावसाळ्याच्या प्रारंभी पुष्कळ शाळांच्या ओसरीवर कुंड्यांची रांग मांडली जाते. मुले हौसेने रोपे आणतात. परंतु काही आठवड्यांतच कित्येक कुंड्यांत नुसती माती उरते. मग 'याच्या हाताला झाड लागत नाही' असा शिक्का एखाद्या मुलावर बसतो व ते मूल पुन्हा झाडाकडे फिरकत नाही. रोप गेले त्यापेक्षा ही हानी मोठी होय. रोप हातगुणाने मरत नाही, कारणाने मरते. आणि कारण शोधता येते, हे मुलांच्या अनुभवास आणून देणे हा या पाठाचा उद्देश आहे.

साहित्य : पत्र्याचे दोन सारखे डबे, खिळा, खापरीचे तुकडे, माती, वाळू, चाळलेले कुजके शेणखत, टोमॅटोची सारख्या वाढीची दोन रोपे.

पूर्वप्रश्न : रोप सुकू लागले म्हणजे आपण काय करतो? 'पाणी घालतो' असेच उत्तर बहुधा येईल. पाणी अधिक झाल्याने रोप सुकेल काय, असे विचारून शिक्षकांनी उत्तर न सांगता प्रयोगास आरंभ करावा.

प्रयोग : एका डब्याच्या बुडाला तीन-चार भोके पाडावीत व त्यांवर खापरीचे तुकडे पालथे ठेवावेत. दुसऱ्या डब्यास भोक पाडू नये. दोन भाग माती, एक भाग वाळू व एक भाग शेणखत असे मिश्रण दोहोंत भरून एकेक रोप लावावे. दोन्ही डबे एकाच जागी, उजेडात पण पावसाच्या आड ठेवावेत. पहिल्या डब्यास वरची माती कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे. दुसऱ्यात माती सदैव पाण्याने भरलेली राहील असे पाहावे. मुलांनी रोज पानांचा रंग व टवटवी वहीत नोंदवावी.

निरीक्षण : काही दिवसांनी दुसऱ्या डब्यातील खालची पाने पिवळी पडू लागतात, रोप माना टाकते. माती तर ओली आहे! हाच पाठाचा मर्मबिंदू होय. या वेळी दोन्ही रोपे अलगद उपटून मुळे दाखवावीत. निरोगी मुळे पांढुरकी व टणक असतात. कुजलेली मुळे तपकिरी, मऊ व दुर्गंधीयुक्त असतात.

स्पष्टीकरण : मुळांनाही श्वसन करावे लागते. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवा असते. त्या सतत पाण्याने भरून राहिल्या की मुळे गुदमरतात, कुजतात व पाणी शोषू शकत नाहीत. म्हणून पाण्यात उभे असूनही रोप तहानलेले दिसते. अशा रोपास आणखी पाणी घालणे म्हणजे त्याचे मरण जवळ आणणे होय. वर्गातील दहा मुलांनी प्रेमाने एकेक तांब्या ओतला, तर त्या प्रेमानेच रोप मरते.

भातखाचराच्या गावी एखादे मूल विचारील, 'मग भात पाण्यात कसा जगतो?' प्रश्न उत्तम आहे. भाताच्या अंगात हवेच्या पोकळ वाटा असतात. त्यांतून वरची हवा मुळांपर्यंत पोहोचते. टोमॅटोस अशी सोय पुरेशी नसते.

उपयोजन :
(१) पाणी घालण्यापूर्वी बोट दोन पेरे मातीत खुपसावे. ओल लागल्यास त्या दिवशी पाणी देऊ नये.
(२) प्रत्येक कुंडीस एकच पाळीकरी नेमावा.
(३) नुसती काळी माती भरू नये. ती पाणी धरून ठेवते व वाळल्यावर भेगाळते. ताजे शेणही घालू नये.
(४) तुळशीस ऊन हवे. मनीप्लँट सावलीतही तग धरतो. कोरफडीस पाणी थोडे पुरते. नवशिक्या मुलांस पानफुटी द्यावी. तिचे पान ओलसर मातीवर ठेवले तरी कडेने रोपे फुटतात.
(५) उन्हाळ्याच्या सुटीत कुंड्या झाडाच्या दाट सावलीत काठापर्यंत जमिनीत पुराव्यात व शाळेजवळ राहणाऱ्या मुलांकडे त्यांची पाळी सोपवावी.

गृहपाठ : घरी सुकलेल्या एखाद्या रोपाची माती, भोक, ऊन व मुळे तपासून ते का सुकले असावे, हे पाच ओळींत लिहावे.

ज्या मुलाचे रोप मेले असेल, त्याच्याच हाती दुसरे रोप प्रथम द्यावे. कारण समजलेल्या हाताला झाड लागते, हे त्याचे त्यालाच दिसून येईल.