उघडे दार आणि आखलेली चौकट : सांता फे येथील चित्रप्रदर्शनांचे हंगाम

१

चित्रप्रदर्शनाचा विचार सामान्यतः एकेका चित्राच्या किंवा एकेका चित्रकाराच्या अनुषंगाने केला जातो. परंतु एखाद्या कलादालनाचा संपूर्ण हंगाम, म्हणजे वर्षभरात एकामागून एक भरणाऱ्या प्रदर्शनांची मालिका, हीदेखील एक संहिताच असते. कोणते चित्र कोणाच्या शेजारी लागले, ते कोणत्या महिन्यात लागले आणि त्याची निवड कोणी केली, यांवर त्या चित्राचा अर्थ पुष्कळसा अवलंबून असतो. साहित्याच्या अभ्यासकास ही गोष्ट अपरिचित नाही. नियतकालिकाच्या अनुक्रमणिकेतील स्थान किंवा पाठ्यपुस्तकातील प्रकरणाचे नाव वाङ्मयकृतीच्या वाचनास कशी दिशा देते, हे तो जाणतोच. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील न्यू मेक्सिको राज्याची राजधानी सांता फे येथील कलासंग्रहालयाचा इतिहास या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. तेथील हंगामांनी एका समाजाच्या कलेस भिंत मिळवून दिली, आणि त्याच हंगामांनी त्या कलेची व्याख्याही ठरवून टाकली. या दोन क्रियांचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

२

सांता फे हे समुद्रसपाटीपासून सुमारे ७,००० फूट उंचीवरील नगर. तेथील कलासंग्रहालयाची वास्तू नोव्हेंबर १९१७ मध्ये खुली झाली. आयझॅक रॅप या वास्तुकाराने तिची रचना केली होती. १९१५ साली सान दिएगो येथे भरलेल्या प्रदर्शनात न्यू मेक्सिकोसाठी उभारलेली इमारत हा तिचा आदर्श. आणि त्या इमारतीचा आदर्श होता अॅकोमा येथील स्पॅनिश काळातील मातीचे चर्च. चित्रे ज्या भिंतींवर लागावयाची त्या भिंतीच अशा रीतीने एका कल्पित भूतकाळाचे चित्र होत्या, हे प्रारंभीच लक्षात घ्यावयास हवे.

संग्रहालयाचे सूत्रधार एडगर ली ह्यूएट हे मूळचे पुरातत्त्वज्ञ. १९१६ आणि १९१७ च्या उन्हाळ्यांत तेथे आलेले न्यूयॉर्कचे चित्रकार रॉबर्ट हेन्री यांचा त्यांच्यावर प्रभाव पडला. हेन्री हे परीक्षक मंडळांचे कट्टर विरोधक. चित्र टांगण्यायोग्य आहे की नाही हे प्रस्थापितांच्या समितीने ठरवू नये, अशी त्यांची भूमिका होती. तिच्यातून संग्रहालयाचे ‘उघड्या दाराचे’ धोरण आकारास आले. न्यू मेक्सिकोत काम करणाऱ्या कोणाही चित्रकाराने आपले नाव नोंदवावे आणि पाळी येताच प्रदर्शन भरवावे, असे त्याचे साधे स्वरूप होते. शतकाच्या मध्यापर्यंत ते चालू राहिले.

या धोरणाचे लाभ उघड आहेत. १९२१ मध्ये विल शूस्टर, फ्रीमॉंट एलिस, वॉल्टर म्रुक, जोझेफ बाकोश आणि विलर्ड नॅश या पाच तरुणांनी ‘पाच चित्रकार’ अशा अर्थाचे स्पॅनिश नाव धारण करून आपले पहिले प्रदर्शन येथेच भरविले. एरवी अशा होतकरू मंडळींस सार्वजनिक संग्रहालयाचे दार किती काळ बंद राहिले असते, हे सांगावयास नको.

हंगामाची लयही हवामानानुसार ठरत गेली. उन्हाळ्यात पूर्व किनाऱ्यावरून चित्रकार व प्रवासी येत. सप्टेंबरात ‘फिएस्ता’ हा नगरोत्सव होई आणि त्या वेळी दालनांत सर्वाधिक वर्दळ असे. पुढे १९२९ पासून जॉर्जिया ओकीफ यांनी या प्रदेशात उन्हाळे घालविण्यास प्रारंभ केला. परंतु त्यांची येथील टेकड्यांची आणि हाडांची चित्रे प्रथम पाहिली जात ती हिवाळ्यात, न्यूयॉर्कमध्ये, आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांच्या दालनात. पिकावे एका ठिकाणी आणि बाजार भरावा दुसऱ्या ठिकाणी, अशी ही व्यवस्था होती. या भूमीचे मूळचे रहिवासी मात्र पिकविणाऱ्यांतही मोजले जात नव्हते आणि बाजारातही नव्हते. बहुतेक चित्रांतून ते केवळ विषय म्हणून उपस्थित होते.

३

या परिस्थितीत पालट घडविणारी घटना लहानशी होती. १९१७ मध्ये ह्यूएट यांनी सान इल्देफोन्सो या प्वेब्लो गावातील क्रेसेन्सिओ मार्तिनेझ यांच्याकडून तेथील समारंभांची जलरंगचित्रे काढवून घेण्यास आरंभ केला. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मार्तिनेझ मरण पावले. त्यांचा भाचा आवा त्सिरे याने ती वाट पुढे नेली. त्याच सुमारास सांता फे येथील सरकारी इंडियन शाळेच्या अधीक्षकांच्या पत्नी एलिझाबेथ डीहफ यांनी फ्रेड काबोटी, ओटिस पोलेलोनेमा आणि वेलिनो शिये हेरेरा या मुलांना आपल्या घरी बोलावून कागद व रंग दिले. शाळेत मुलांची भाषा, वेष आणि चालीरीती पुसून टाकण्याचे धोरण असल्यामुळे हे काम घरातच होऊ शकत होते. या मुलांची चित्रे १९१९ मध्ये संग्रहालयात लागली. १९२० मध्ये चित्रकार जॉन स्लोन यांनी प्वेब्लो चित्रकारांची जलरंगचित्रे न्यूयॉर्कच्या स्वतंत्र चित्रकारांच्या वार्षिक प्रदर्शनात नेली.

या प्रदर्शनांच्या तारखांशेजारी आणखी दोन तारखा ठेवून पाहाव्या लागतात. १९२१ मध्ये आणि पुन्हा १९२३ मध्ये केंद्रीय इंडियन खात्याचे आयुक्त चार्ल्स बर्क यांनी मूलनिवासींच्या नृत्यांना आळा घालण्याविषयी परिपत्रके काढली. म्हणजे ज्या नृत्याचे चित्र राजधानीच्या भिंतीवर कौतुकाने पाहिले जात होते, ते नृत्य गावात करणे शासनाच्या लेखी आक्षेपार्ह होते. १९२२ मध्ये संग्रहालयाच्या पुढाकाराने मूलनिवासी हस्तकलांचा मेळा सुरू झाला, तो फिएस्ताच्या दिवसांत. हा उत्सव १६८० मध्ये प्वेब्लो लोकांनी स्पॅनिश सत्तेविरुद्ध केलेल्या उठावानंतर ती सत्ता १६९२ मध्ये परत आल्याच्या स्मरणार्थ होता. आपल्या पराभवाच्या स्मृतिदिनी आपल्याच कलेस पारितोषिक मिळावे, ही विसंगती त्या काळच्या प्रेक्षकांस जाणवली असेल असे दिसत नाही.

त्या जलरंगचित्रांचे एक वैशिष्ट्य असे की, त्यांत नर्तकांची रांग असते, वेषाचा, पिसांचा, कंबरपट्ट्याचा तपशील अत्यंत काटेकोर असतो. परंतु मागे काहीही नसते. जमीन नाही, घरे नाहीत, आकाश नाही. कोऱ्या कागदावर पावले टेकलेली असतात. दालनातील रसिकांनी या रिकामेपणास आदिम साधेपणा किंवा उपजत आलंकारिकता मानले. परंतु त्याचे अन्य वाचनही शक्य आहे. गावच्या चौकात आजन्म नाचणाऱ्यास चौक काढून दाखविण्याची गरज काय? शिवाय प्वेब्लो समाजात विधींचा काही भाग बाहेरच्यांस दाखवावयाचा नसतो. त्यामुळे कागदाचा कोरा भाग हा कौशल्याचा अभाव न मानता राखलेले मौन मानले, तर चित्राचा सूर पालटतो. दाखविणे आणि न दाखविणे यांच्या सीमेवर उभा राहून हा चित्रकार दोन समाजांना एकाच वेळी उत्तर देत होता. उघड्या दाराच्या धोरणाने त्याला आत घेतले खरे. पण तो काय घेऊन आला नाही, हे विचारण्याची सोय त्या धोरणात नव्हती.

४

१९२८ च्या मेरियम अहवालाने सरकारी वसतिशाळांतील दुरवस्थेवर कठोर टीका केली. त्यानंतरच्या बदललेल्या वातावरणात, १९३२ मध्ये, डॉरथी डन यांनी सांता फे येथील त्याच इंडियन शाळेत ‘स्टुडिओ’ नावाने ओळखला गेलेला चित्रकलेचा वर्ग सुरू केला. १९३७ पर्यंत त्यांनी तो चालविला. त्यांच्यानंतर त्यांच्या विद्यार्थिनी हेरोनिमा क्रूझ मोन्तोया यांनी ती जबाबदारी दीर्घकाळ वाहिली. अॅलन हाउझर, पाब्लिता वेलार्दे, हॅरिसन बिगे, ऑस्कर हाउ अशी पुढे मान्यता पावलेली नावे या वर्गातून आली.

डन यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना दोन टोके टाळावयास हवीत. ज्या संस्थेने पूर्वी मुलांच्या तोंडून त्यांची भाषा काढून घेतली, त्याच संस्थेत त्यांनी मुलांच्या गावाला, मडक्यांवरील नक्षीला आणि आजीआजोबांच्या आठवणींना अभ्यासविषयाची प्रतिष्ठा दिली. हे ऋण मोठे आहे. परंतु त्याचबरोबर स्पष्ट बाह्यरेषा, सपाट रंगलेपन, छायाप्रकाशाचा व यथार्थदर्शनाचा अभाव आणि गावजीवनाचे विषय हीच अस्सल मूलनिवासी चित्रकलेची लक्षणे होत, अशी समजूत या वर्गामुळे रूढ झाली. मार्तिनेझ किंवा आवा त्सिरे यांच्या हातून घडलेली निवड पुढील पिढीच्या हाती नियम म्हणून आली. अवघ्या दीड दशकापूर्वी सुरू झालेल्या रीतीस ‘परंपरा’ म्हटले जाऊ लागले, आणि ग्राहकांनी, परीक्षकांनी व संग्राहकांनी तीच मागणी चालू ठेवली.

या मागणीचा आविष्कार पुढे एका घटनेत फार स्पष्ट झाला. ओक्लाहोमातील टल्सा येथील फिलब्रुक संग्रहालयात १९४६ पासून मूलनिवासी चित्रकारांची वार्षिक स्पर्धा भरत असे. १९५८ मध्ये ऑस्कर हाउ या डकोटा चित्रकाराचे चित्र तेथे पारितोषिकासाठी नाकारले गेले. कारण ते परंपरागत इंडियन शैलीत बसत नाही, असे परीक्षकांचे मत पडले. हाउ यांनी संग्रहालयास पत्र लिहून तीव्र निषेध नोंदविला. मूलनिवासी कलेत लोभस, शैलीबद्ध चित्रांपलीकडेही पुष्कळ काही आहे आणि कलावंतास लहान मुलासारखे वागविले जाऊ नये, हा त्या पत्राचा आशय होता. ज्या स्टुडिओने ही शैली रूढ केली त्याचाच विद्यार्थी हे लिहीत होता, यात त्या पत्राचे ऐतिहासिक महत्त्व आहे. न्यू मेक्सिकोतही कोचिती गावचे जो हेरेरा यांनी रेमंड जॉन्सन या अमूर्तवादी चित्रकाराकडे अध्ययन केल्यानंतर खडकांवरील प्राचीन आकृत्यांतून आधुनिक रचना घडविल्या होत्या. अमूर्तता ही पश्चिमेकडून उसनी आणलेली वस्तू नसून आपल्या कड्यांवर ती शतकानुशतके कोरलेली आहे, असेच जणू त्यांची चित्रे सांगत होती.

५

१९६२ मध्ये त्याच शाळेच्या आवारात ‘इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकन इंडियन आर्ट्स’ ही संस्था सुरू झाली. तेथे १९६४ ते १९६९ या काळात अध्यापन करणारे फ्रिट्झ शोल्डर आणि त्यांचे विद्यार्थी टी. सी. कॅनन यांनी प्रश्नाची दिशाच पालटली. शोल्डर यांच्या १९६९ च्या एका चित्रातील मूलनिवासी पुरुषापुढे बिअरचा डबा आहे. त्यात नर्तकाची पिसे नाहीत की कोऱ्या कागदाची शुचिता नाही. १९७२ मध्ये या दोघांचे संयुक्त प्रदर्शन वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय कलासंग्रहात भरले.

कॅनन १९७८ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, मोटार अपघातात निधन पावले. १९७५ च्या सुमारास त्यांनी काढलेले ‘संग्राहक क्रमांक ५’ हे चित्र या संपूर्ण इतिहासावरील भाष्य मानावयास हरकत नाही. समारंभाच्या वेषातील एक वृद्ध मूलनिवासी गृहस्थ वेताच्या खुर्चीत स्वस्थपणे बसले आहेत. त्यांच्या मागे भिंतीवर व्हॅन गॉगचे गव्हाच्या शेताचे चित्र टांगलेले आहे. ज्याच्यामागे पूर्वी कोरा कागद होता, त्याच्यामागे आता भिंत आहे, आणि त्या भिंतीवर काय लावावयाचे हे तो स्वतः ठरवीत आहे. आजवर ज्याचा संग्रह केला गेला तो येथे संग्राहक झाला आहे, आणि दालनात उभा असलेला प्रेक्षक त्याच्या दृष्टीखाली आला आहे.

याच दशकात साहित्यातही समांतर हालचाल दिसते. न्यू मेक्सिकोतील हेमेझ या प्वेब्लो गावात बालपण घालविलेले कायोवा लेखक एन. स्कॉट मॉमडे यांच्या ‘हाउस मेड ऑफ डॉन’ (१९६८) या कादंबरीस १९६९ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्यांचे वडील अल मॉमडे हे चित्रकार; ‘द वे टू रेनी माउंटन’ (१९६९) या ग्रंथातील चित्रे त्यांचीच आहेत. त्या ग्रंथात कुलकथा, इतिहास आणि व्यक्तिगत स्मृती असे तीन स्वर शेजारीशेजारी ठेवलेले आहेत. यांपैकी कोणता अस्सल, असा प्रश्न ग्रंथ विचारूच देत नाही. स्टुडिओच्या शैलीने मागे ठेवलेले वर्तमान आणि ‘मी’ येथे शब्दांत परत आले, असे म्हणता येईल.

६

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकास हा इतिहास दूरचा वाटण्याचे कारण नाही. डहाणू परिसरातील वारली चित्रकलेत १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांच्या प्रोत्साहनाने जिव्या सोमा म्हशे यांनी कागदावर काम सुरू केले. लग्नाच्या चौकाची मातीची भिंत सोडून आलेल्या त्या रेषेसही पुढे बाजाराने एक ठराविक रूप मागितलेच. भोपाळच्या भारत भवनात १९८२ पासून ज. स्वामिनाथन यांनी नागर व आदिवासी चित्रकारांची कामे एकाच छताखाली आणली, ती याच प्रश्नास दिलेल्या उत्तराच्या स्वरूपात. मराठी समीक्षेनेही दलित आत्मकथनाचे स्वागत करताना त्याच्याकडून अनुभवाच्या अस्सलतेची अपेक्षा पुष्कळ वेळा केली, आणि त्याच लेखकाने प्रयोग केला तेव्हा ती किंचित गोंधळली. आत घेण्याचे औदार्य आणि आत आलेल्याचे स्वरूप आधीच ठरविण्याची सवय या दोन गोष्टी बहुधा एकत्र नांदतात.

म्हणून सांता फेच्या हंगामांवरून निघणारा निष्कर्ष केवळ निषेधाचा नाही. उघडे दार आवश्यकच होते. ते नसते तर डीहफ यांच्या घरातील चित्रे बहुधा घरातच राहिली असती. परंतु दार उघडे ठेवणाऱ्याने आत येणाऱ्याच्या अंगावरील वस्त्र ठरवून ठेवू नये, आणि त्याने बाहेर ठेवून आणलेल्या गोष्टींचा मानही राखावा, एवढी दुसरी अट त्या धोरणास जोडावी लागते. परक्या समाजाच्या कृतीचा अनुवाद, संपादन किंवा अध्यापन करणाऱ्यासही तीच लागू आहे. चित्रातील कोऱ्या जागेस उणीव म्हणण्यापूर्वी ती कोणी आणि कोणासाठी कोरी ठेवली, हे त्याने विचारले पाहिजे.