राजाचा सल्लागार आणि आपला

आर्थिक सल्लागार हे पात्र ग्वाल्हेरला नवं नाही. माधवराव शिंदे पैसा नुसता तिजोरीत ठेवणारे राजे नव्हते. १९०७ साली टाटांची पोलाद कंपनी स्थापन झाली. पुढे तिला खेळतं भांडवल कमी पडलं, तेव्हा चार लाख पौंडांचे सगळे कर्जरोखे एकट्या शिंद्यांनी घेतले. दरबाराला पैशाच्या बाबतीत सल्ला देणाऱ्यांत मुंबईचे फ्रामरोझ एदलजी दिनशॉ हे मोठं नाव. पेशाने सॉलिसिटर. १९३६ मध्ये दहा सिमेंट कंपन्या एकत्र येऊन ए.सी.सी. झाली, त्यामागेही तेच होते. पण ती उभी राहायच्या काही महिने आधीच ते वारले. सल्लागाराची परीक्षा, नोंदणी असलं तेव्हा काही नव्हतंच. नाव हीच सनद. राजाला ते चालतं, कारण चौकशीला त्याच्या पदरी माणसं असतात.

आपलं काय? लष्कर भागातल्या माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकेने ग्रॅच्युइटीचे पैसे 'सल्लागार' म्हणवणाऱ्या एका गृहस्थांच्या भरवशावर युलिपमध्ये घातले. पाच वर्षं त्याला हात लावता येत नाही, हे सही झाल्यावर कळलं. गृहस्थांना त्यात कमिशन होतं. बाईंनी ते विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

म्हणून फरक कळला पाहिजे. सेबीचे गुंतवणूक सल्लागारांचे नियम २०१३चे. एन.आय.एस.एम.च्या दहा-ए आणि दहा-बी या परीक्षा द्यायच्या, मग सेबीकडे नोंदणी. पूर्वी पदव्युत्तर शिक्षण आणि अनुभव लागायचा; डिसेंबर २०२४च्या दुरुस्तीने संबंधित विषयातली पदवी पुरेशी ठरवली, अनुभवाची अट काढली. बी.कॉम.वाल्यांनो, ऐकताय ना?

सल्लागाराचा नंबर 'आय.एन.ए.'ने सुरू होतो, आणि त्याची फी आपण देतो. ज्याचा 'ए.आर.एन.' असतो तो म्युच्युअल फंडाचा वितरक. त्याची परीक्षा पाच-ए, कमाई कमिशनची. वितरक असण्यात कमीपणा नाही. फक्त त्याने स्वतःला सल्लागार म्हणू नये. सी.एफ.पी. ही पदवी जगभर मान्य आहे, पण ती असली तरी नोंदणी लागतेच. नंबर सेबीच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत तपासता येतो.

या पेशात येणाऱ्याची खरी अडचण परीक्षेनंतर सुरू होते. आपल्या घरांत सल्ला चहाबरोबर फुकट मिळतो. त्याचे पैसे मागितले की काका-मामासुद्धा चमकून बघतात.