शाळेतील वायफाय पेटीची जुळणी

एकाच खोलीत एका बाजूस दुसरीचे पाढे आणि दुसऱ्या बाजूस चौथीची कविता चालू झाली म्हणजे काय घडते, हे प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. दोन्ही वर्ग आवाज चढवितात आणि अखेरीस कोणासच काही ऐकू येत नाही. शाळेतील वायफायच्या पेटीची, म्हणजेच ॲक्सेस पॉइंटची, अवस्था पुष्कळदा हीच असते. पाठ मध्येच थांबतो, मुले ताटकळतात, आणि 'नेट नाही' असे म्हणून टॅब कपाटात जातात. वास्तविक बाहेरून येणारी तार कित्येकदा ठीक असते. दोष जुळणीत असतो, आणि तो शिक्षकास स्वतः दूर करता येण्याजोगा असतो.

पट्टा. ही पेटी रेडिओलहरींनी बोलते. तिचे नेहमीचे पट्टे दोन : २.४ व ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याच्या लहरी भिंतीपलीकडे अधिक पोचतात, परंतु तेथे गर्दी फार. दुसऱ्यात जागा मोकळी व वेग अधिक, पण भिंतीपुढे तो दुबळा पडतो. म्हणून पेटीच्या खोलीत ५ व दूरच्या वर्गासाठी २.४ वापरणे इष्ट होय.

चॅनेल. भारतात २.४ च्या पट्ट्यात १ ते १३ चॅनेल मिळतात. लगतच्या दोन चॅनेलांत अंतर केवळ ५ मेगाहर्ट्झचे, तर पेटीस सुमारे २० मेगाहर्ट्झ रुंदी लागते. त्यामुळे ३ व ४ हे आकडे निराळे असले तरी त्यांच्या लहरी एकमेकींवर चढतात. १, ६ व ११ हे तीन मात्र परस्परांस बाधत नाहीत. शेजारच्या कार्यालयाची पेटी ६ वर असल्यास शाळेने १ किंवा ११ घ्यावा. रुंदी २० च ठेवावी. ४० केल्यास पट्ट्याचा जवळजवळ निम्मा भाग अडतो.

शक्ती. शक्ती पूर्ण वाढविणे हा सर्वत्र लागू पडणारा उपाय नव्हे. पेटीचा आवाज दूरच्या टॅबला ऐकू जातो, परंतु टॅबचा क्षीण आवाज पेटीपर्यंत परत पोचत नाही. म्हणून खुणेच्या रेघा भरलेल्या दिसतात आणि पाठ मात्र उघडत नाही. शक्ती मध्यम ठेवून पेटी उंच व मोकळ्या जागी बसवावी. लोखंडी कपाटात ती कधीही ठेवू नये.

कृती.
१. पेटीखाली छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये घालून जुळणीचे पान उघडावे. कारखान्याचा पासवर्ड बदलावा.
२. असलेली जुळणी प्रथम नोंदवहीत उतरून घ्यावी.
३. देश 'भारत' निवडावा; त्यायोगे चॅनेल व शक्ती येथील नियमांच्या मर्यादेत राहतात.
४. वायफाय तपासणीच्या मोबाईल ॲपने आसपासचे चॅनेल पाहून आपला ठरवावा.
५. एका वेळी एकच बदल करावा, तो जतन करावा, आणि प्रत्येक बदलानंतर तोच पाठ त्याच जागी चालवून पाहावा.

पेटीवरील दिवे लागले एवढ्याने काम पुरे झाले असे मानू नये. सर्वांत दूरच्या वर्गात, शेवटच्या ओळीतील मुलाच्या हातातील टॅबवर पाठ न अडखळता चालला, म्हणजेच जुळणी साधली.