अपघात, कायदा आणि एक ऑफर लेटर

मित्रांनो, आज रात्री हॉस्टेलच्या पार्किंगमधल्या बाईक मोजा आणि मग रूमवरची हेल्मेट मोजा. आकडे जुळायचे नाहीत! पण हा लेख हेल्मेटवर नाही, अपघात झाल्यानंतर काय यावर आहे. मणक्याला किंवा मेंदूला मार बसला, हात-पाय गेला, तर नुसते ऑपरेशनचे बिल भागवून होत नाही. पुढची चाळीस वर्षे भागवायची असतात.

त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. औषधोपचार, सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च, वेदना हे सगळे त्यात वेगवेगळे धरतात. भावी कमाईचे गणित मात्र आपल्या लाईनमधले आहे:

नुकसान = वार्षिक उत्पन्न × गेलेली कमाईची क्षमता (टक्के) × गुणक

गुणक वयावर ठरतो. १५ ते २५ वयाला तो १८ (सर्वोच्च न्यायालय, २००९). टक्के शरीराचे नव्हेत, कमाईचे धरायचे, हे २०१० च्या एका निकालाने स्पष्ट केले. डावा हात गेला तर सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, सरकारी कारकुनाची कदाचित मुळीच नाही.

"पण आपण कुठे कमावतो?" असे तुम्ही म्हणाल. मग २०१० चाच दुसरा एक निकाल पाहा. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षातला एक विद्यार्थी, अपघात १९९३ चा, कायमचे अपंगत्व ७० टक्के. कॅम्पसमध्ये वर्षाला साडेतीन लाखांची ऑफर होती, असे त्याने कोर्टात सांगितले. पण पुरावा नव्हता. कोर्टाने सरकारी असिस्टंट इंजिनिअरचा पगार धरला, वर्षाला ६०,००० रुपये.

६०,००० × ०.७० × १८ = ७,५६,०००

ऑफर सिद्ध होऊन तीच रक्कम धरली गेली असती, तर हेच सूत्र ४४,१०,००० दाखवते. एका कागदाने केवढा फरक पडतो बघा!

म्हणून पेशंट आयसीयूत असताना बाहेर थांबलेल्या रूम पार्टनरने, रेक्टर सरांनी एवढे करावे:

१. एफआयआर झाला का ते पाहा, त्याची प्रत घ्या.
२. हॉस्पिटलचे पेपर आणि मेडिकलची प्रत्येक पावती एका फाईलमध्ये लावा.
३. मार्कशीट, ऑफर लेटर, इंटर्नशिपचे पत्र यांच्या प्रती काढून ठेवा.
४. "आपसात मिटवू" म्हणणाऱ्याच्या कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.
५. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. ती चुकवू नका. अपघात परगावी झाला असला तरी आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात अर्ज चालतो.

वकिलाच्या फीची काळजी असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अपंग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाईन १५१००.

ही फाईल कुणावर करायची वेळ न येवो. पण आली, तर ती पहिल्या दिवसापासून करा.