आजोबांच्या घड्याळाचे पोकळ काटे

प्रश्न : आजोबांचे ‘वेस्ट एंड’चे स्विस मनगटी घड्याळ सापडले. काट्यांच्या मधला चमकणारा भाग गळून नुसती चौकट उरली आहे. तो पुन्हा भरता येईल का? (एक वाचक, राहू, ता. दौंड)

उत्तर : भरता येईल. पण आधी चावी देणे थांबवा, आणि मागचे झाकण घरी उघडू नका. कारण तो चमकणारा भाग रेडियमचा असू शकतो.

आपल्याकडे उसाच्या ट्रॉलीमागच्या पट्टीलाही ‘रेडियम’ म्हणतात. ती पट्टी फक्त प्रकाश परतवते. 1960 च्या आसपासपर्यंतच्या चमकणाऱ्या काट्यांच्या घड्याळांत मात्र खरेखुरे, किरणोत्सर्गी रेडियम असायचे, झिंक सल्फाइडमध्ये मिसळलेले. त्यातले झिंक सल्फाइड काही वर्षांत थकते आणि चमक विझते. रेडियमचा किरणोत्सर्ग मात्र निम्म्यावर यायलाच सुमारे 1600 वर्षे लागतात. म्हणजे काटा अंधारात चमकत नाही, म्हणून तो निर्धोक ठरत नाही. गळालेली भुकटी तबकडीवर आणि यंत्रात सांडलेली असणार. ती श्वासावाटे किंवा तोंडावाटे शरीरात जाणे हाच खरा धोका. घड्याळ झिपच्या पिशवीत ठेवा, मुलांपासून दूर.

तबकडीच्या तळाशी ‘स्विस’च्या दोन्ही बाजूंना इंग्रजी ‘टी’ असेल तर रेडियमऐवजी ट्रिटियम आहे; तेही किरणोत्सर्गी, पण त्यामानाने सौम्य.

पुण्यातल्या जाणत्या कारागिराला रेडियमची शंका आधीच सांगा. तो काटे काढून किरणोत्सर्ग नसलेला स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटचा लेप मागच्या बाजूने भरेल. लेप जाड झाला तर काटे एकमेकांना अडतात. रंग तबकडीच्या पिवळसरपणाशी जुळवून घ्या. पांढराशुभ्र लेप जुन्या घड्याळाचा चेहराच बिघडवतो. तबकडी मात्र नव्याने रंगवू देऊ नका.